किझिलहान, यान इल्हान

(१९६६– ). जर्मन मानसशास्त्रज्ञ, आघातोपचारतज्ज्ञ व प्राच्यविद्या अभ्यासक. जन्म तुर्कस्तानात, यझिदी या अल्पसंख्य धर्मसमाजातील कुर्द कुटुंबात. बालपणीच जर्मनीत स्थलांतर. पुढे व्हिलिंगेन-श्वेनिंगेन येथे प्राध्यापक. युद्ध आणि छळ सोसलेल्या निर्वासितांवरील उपचारांत त्यांची हयात गेली असली, तरी जगाला ते माहीत झाले एका अवघड निवडीमुळे.

३ ऑगस्ट २०१४ रोजी ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेने उत्तर इराकमधील सिंजारवर हल्ला चढवला. हजारो यझिदी मारले गेले. बायका-मुलींना गुलाम म्हणून विकले गेले. निसटून आलेल्या स्त्रिया त्याच भागातील दुहोक शहराजवळच्या निर्वासित छावण्यांत पोहोचत, पण तेथे मानसोपचार मिळणे दुरापास्तच होते. तेव्हा जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने त्यांतल्या काहींना आपल्याकडे आणायचे ठरवले आणि त्यासाठी सुमारे साडेनऊ कोटी युरोंची तरतूद केली. कोणाला न्यायचे, हे ठरवण्यासाठी किझिलहान यांनी हजाराहून अधिक स्त्रियांना समोर बसवून त्यांची कहाणी ऐकली. २०१६च्या प्रारंभापर्यंत सुमारे १,१०० स्त्रिया व मुले जर्मनीत आली. पुढे २०१८ मध्ये शांततेच्या नोबेलची मानकरी ठरलेली नादिया मुराद त्यांपैकीच एक.

किझिलहान कुर्दी जाणतात, यझिदी रीतिभातीही जाणतात. त्यांच्या उपचारपद्धतीची खरी भिस्त या घरच्या ओळखीवर आहे. अनेक रुग्णांचे दुःख शब्दांऐवजी अंगदुखीतून किंवा फेफऱ्यासारख्या झटक्यांतून बाहेर पडे. लैंगिक अत्याचारानंतरची शरम आणि हे झटके यांच्या संबंधावर त्यांनी सहकाऱ्यांसह संशोधन प्रसिद्ध केले. शिवाय यझिदींच्या सामूहिक स्मृतीत सिंजारचा संहार हा त्यांच्यावर ओढवलेला ७४वा; म्हणजे आजीने ऐकवलेले भयही नातीच्या जखमेत मिसळलेले असते.

समाजाचा शब्द इथे औषधाइतकाच मोलाचा. बंदिवासातून परतलेल्या स्त्रिया आपल्याच आहेत, असे यझिदींचे धर्मगुरू बाबा शेख यांनी जाहीर केल्याने त्यांच्यासाठी घराची दारे उघडली. हे औदार्य मात्र अपुरे पडले: अत्याचारातून जन्मलेल्या मुलांना समाजात जागा नाही, असे २०१९ मध्ये यझिदींच्या धर्मपरिषदेने स्पष्ट केले आणि अनेक आयांपुढे मूल की आपली माणसे, असा पेच उभा राहिला. त्यावर कोणत्याही चिकित्सकाकडे उतारा नव्हता.

जर्मनीतली योजना कितीही नेटकी असली, तरी बहुसंख्य पीडित मागे छावण्यांतच राहिले. ही उणीव ओळखून किझिलहान यांनी २०१७ मध्ये दुहोक विद्यापीठात मानसोपचार व आघातशास्त्र संस्था उभी केली. स्थानिक तरुण-तरुणींना तेथे पदव्युत्तर शिक्षण मिळते. त्यांच्या कामातला टिकाऊ भाग हाच.