डासाची अळी कात टाकते तेव्हा
छत्रपती संभाजीनगरात नळाला काही दिवसांच्या खंडाने पाणी येते, म्हणून तुमच्याही घरी ड्रम, टाकी भरलेली असेल. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतात. अळीचे कायटिनयुक्त आवरण फारसे ताणत नाही. त्यामुळे कोश होईपर्यंत ती 4 वेळा कात टाकते. आत नवे कायटिन तयार होते आणि कायटिनेज हे विकर जुन्या आवरणाचा आतला थर विरघळवते. डायफ्लुबेन्झुरॉन हे अळीनाशक नवे कायटिन नीट बनू देत नाही, म्हणून अळी कात टाकतानाच मरते. उडणारे डास त्याने मरत नाहीत. पिण्याच्या पाण्यात ते स्वतःहून टाकू नका. आठवड्यातून एकदा ड्रम, कूलर रिकामे करून आतल्या कडा घासाच. तिथे चिकटलेली अंडी कोरडीही महिनोन्महिने टिकतात.