‘मेह’ आणि ‘शुगर’ : घरगुती शर्करामापनाचा मागोवा

‘मधुमेह’ या शब्दाची फोड केली म्हणजे या रोगाची परीक्षा पूर्वी कशावरून होत असे, ते आपोआप कळते. ‘मिह्’ या संस्कृत धातूचा अर्थ मूत्रोत्सर्ग करणे. मधुमेह म्हणजे मधासारखे मूत्र. चरकाने मूत्राकडे मुंग्या धावणे हे प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत गणले आहे. ही परीक्षा वैद्यावाचून, घरच्या अंगणातही होण्यासारखी होती. तिला संख्या मात्र नव्हती.

मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने 1776 मध्ये रक्तद्रवही गोड असल्याचे दाखविले. तथापि घरगुती परीक्षा पुढे जवळजवळ दोन शतके मूत्राशीच बांधलेली राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्टॅन्ली बेनेडिक्ट याने सिद्ध केलेले निळे द्रावण परीक्षानळीत घ्यावयाचे, त्यात मूत्राचे आठ थेंब टाकून ते उकळावयाचे आणि रंग पाहावयाचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी या क्रमाने तिचे प्रमाण चढते. ‘लघवीतून साखर जाते’ हा आपला बोलीतील प्रयोग याच परीक्षेचा सोबती मानावयास हरकत नाही.

या परीक्षेतील उणीव इन्सुलिनमुळे जिवावरची ठरली. जानेवारी 1922 मध्ये टोरांटो येथे ते प्रथम रुग्णास टोचले गेले. रक्तशर्करा शंभर मिलिलिटरमागे सुमारे 180 मिलिग्रॅमच्या पलीकडे गेल्यावरच साधारणतः साखर मूत्रात उतरते. उलट इन्सुलिनमुळे ती धोकादायक रीतीने खाली आली, तर द्रावण निरोगी माणसाप्रमाणे निळेच राहते. शीळफाट्यावर हा प्रश्न केवळ ग्रंथगत राहत नाही. कल्याणचा रस्ता येथे मुंब्रा-पनवेल मार्गास मिळतो, महापेकडील वाहनेही येथूनच वळतात, आणि कोंडी नित्याची. डोंबिवलीहून इन्सुलिन घेऊन निघालेल्या मनुष्याची खाण्याची वेळ या कोंडीत टळली, घाम सुटला, हात कापू लागले, तर त्या क्षणी बेनेडिक्टचा निळा रंग त्याला काय सांगणार? त्याला रक्ताचाच थेंब हवा.

तो मार्ग 1960 नंतरच्या दशकात कागदी पट्टीने खुला केला. 1970 च्या सुमारास पट्टीचा रंग वाचणारे यंत्र आले, पण ते डॉक्टरांनाच विकले जाई. रिचर्ड बर्नस्टाइन या मधुमेही अमेरिकन अभियंत्याने ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावे मिळविले! रुग्ण घरी स्वतः रक्त तपासू शकतात, हे ब्रिटनमधील डॉक्टरांनी 1978 मध्ये निबंधांतून मांडले. 1,441 रुग्णांवरील अमेरिकन-कॅनेडियन अभ्यासात (1993) साखर काटेकोर राखल्याने डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी कमी झाल्याचे दिसले. मात्र साखर तीव्रतेने खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. मापनाची गरज अशी दुहेरी आहे.

भाषेनेही हा पालट टिपला आहे. ‘त्यांना शुगर आहे’ येथे शुगर म्हणजे रोग, तर ‘आज शुगर दोनशे आली’ येथे ती संख्या. साखरेचे स्त्रीलिंग तिने घेतले, आणि तापाप्रमाणे ती चढते, उतरते. ‘मेह’ मात्र या बोलण्यातून पार गळाला. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पट्टी दर वेळी नवी. त्यामुळे यंत्र कपाटात आणि पट्ट्या संपलेल्या, अशी घरे विरळा नाहीत, आणि तेथे ‘शुगर किती?’ या प्रश्नास मिळणारी संख्या मागच्या महिन्याची असते.