अपस्मारावरील मेंदूची शस्त्रक्रिया : कोणती अपेक्षा ठेवावी?

अपस्मार म्हणजे फिट येण्याचा आजार. बोलीभाषेत त्याला फेफरे किंवा मिरगी असेही म्हणतात. बहुतेक रुग्णांचा हा आजार गोळ्यांनी आटोक्यात राहतो. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांना औषधे घेऊनही झटके येतच राहतात. अंबरनाथच्या मोरिवली औद्योगिक परिसरात यंत्रावर काम करणाऱ्या किंवा रोज लोकलच्या गर्दीतून प्रवास करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत असा एखादा झटका जिवावर बेतू शकतो. यांपैकी काही रुग्णांना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. पण ती ‘शेवटचा उपाय’ समजून पुढे ढकलली जाते आणि उमेदीची वर्षे निघून जातात.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके थांबले नाहीत, तर आजार औषधांना दाद देत नाही असे मानले जाते. अशा वेळी तिसरे-चौथे औषध वर्षानुवर्षे बदलत बसण्याऐवजी अपस्मार शस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्रात तपासणी करून घ्यावी. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात ही सोय आहे. भारतात ही शस्त्रक्रिया नवी नाही. वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी १९५२ मध्येच ती केली होती, तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून ती नियमित होते.

आधी तपासण्या

झटका मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागातून सुरू होतो, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे. त्यासाठी एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी करतात. व्हिडिओ ईईजीसाठी रुग्णाला काही दिवस रुग्णालयात ठेवतात. झटक्याची नोंद व्हावी म्हणून गरजेनुसार औषधे कमी केली जातात. हा बदल घरच्या घरी कधीही करू नये. स्मरणशक्ती आणि भाषेच्या चाचण्याही होतात. तपासण्यांनंतर सर्वच रुग्ण शस्त्रक्रियेस पात्र ठरतात असे नाही.

शस्त्रक्रिया आणि त्यानंतर

प्रौढांमध्ये बहुधा कानशिलाजवळच्या टेम्पोरल भागातील दोष काढला जातो. काही तासांच्या या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अतिदक्षता विभागात राहतो आणि गुंतागुंत नसल्यास साधारण आठवडाभरात घरी जातो. डोकेदुखी, थकवा, चावताना जबडा दुखणे हे त्रास काही आठवडे जाणवतात. कामावर परतायला एक ते तीन महिने लागू शकतात. पहिल्या काही दिवसांत झटका आला म्हणून शस्त्रक्रिया फसली असे समजू नये.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, दृष्टिक्षेत्राचा काही भाग कमी होणे, शब्द चटकन न आठवणे, अशक्तपणा किंवा नैराश्य हे धोके संभवतात. जिवाला धोका क्वचितच असतो. कोणत्या भागावर शस्त्रक्रिया होणार यावर धोके अवलंबून असल्याने ते आधीच विचारून घ्यावेत.

यश किती?

कॅनडातील २००१ च्या अभ्यासात टेम्पोरल भागाच्या शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्णांना वर्षभरात भान हरपणारे झटके आले नाहीत. केवळ औषधांवरील गटात हे प्रमाण ८ टक्के होते. दिल्लीच्या ‘एम्स’ने ११६ मुलांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभर झटकेमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७७ आणि ७ टक्के होते. मात्र शस्त्रक्रिया झालेल्या गटातील सुमारे एक तृतीयांश मुलांना हातापायांतील कमजोरीसारखे गंभीर परिणाम सोसावे लागले.

झटके थांबले म्हणजे गोळ्या थांबल्या, असे मात्र नाही. औषधे साधारणपणे निदान वर्ष-दोन वर्षे चालू ठेवतात. नंतर ती हळूहळू कमी करण्याचा निर्णय डॉक्टरच घेतात. काहींना ती कायम घ्यावी लागतात. तपासणीला जाताना झटक्यांच्या तारखांची वही, जुने अहवाल आणि शक्य असल्यास मोबाइलवर टिपलेले झटक्याचे चित्रण सोबत न्यावे. झटका पाहिलेली घरची व्यक्तीही बरोबर असावी, कारण रुग्णाला स्वतःला बरेचदा काहीच आठवत नाही.