विलायतेत मराठी शिकवणाऱ्या रमाबाई

परदेशातून येऊन शिकवणारी माणसे आपल्या कोल्हापूरला नवी नाहीत. अमेरिकेतील वायल्डर पति-पत्नी अहमदनगरला काही वर्षे काढून १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी येथे शाळा काढली. त्यांच्या नावाचे प्रार्थनामंदिर शहरात आजही आहे. परक्या मुलखात येऊन त्यांना आधी आपली भाषा शिकावी लागली, येथले ऊन-पाऊस सोसावे लागले. अशा गोष्टी आपण ऐकतो आणि त्यांचे कौतुकही करतो.

पण मराठी बोलणारी एक बाई साता समुद्रापलीकडे गेली आणि तेथल्या बायकांना मराठी शिकवू लागली, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असेल. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्याविषयी दोन-चार ओळी असतात. त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, त्या ख्रिस्ती झाल्या, एवढ्यावर आपली माहिती संपते. परक्या देशात त्या कशा राहिल्या, काय खाल्ले, कोणाशी वाद घातला आणि तेथून आपल्यासाठी काय घेऊन आल्या, तेवढाच भाग मी या लेखासाठी निवडला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बायकांनी संस्कृत शिकू नये असे लोक म्हणत असताना त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी पुढे रमाबाईंना शिकवले. म्हणजे या घरात आईच मुलीची गुरू होती. पुढे दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पुराण सांगत, पायी चालत देशभर हिंडले. १८७८ साली कलकत्त्याला तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वय अवघे वीस. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी जात बाजूला ठेवून लग्न केले. १८८१ साली मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर दहा महिन्यांची मुलगी आणि माहेर-सासर म्हणावे असे कोणी नाही, अशी ही परिस्थिती होती.

त्या पुण्याला आल्या. १८८२ सालीच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्या मंडळासारखी मंडळे आज गल्लोगल्ली दिसतात. बायकांनी एके ठिकाणी जमून बोलावे, ही रीत महाराष्ट्रात घालून देणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावे लागते. त्याच वर्षी सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी सांगितले की, बायकांना स्त्री-शिक्षिका हव्यात आणि स्त्री-डॉक्टरही हव्यात. दुसऱ्याला सांगून त्या स्वस्थ बसल्या नाहीत, आपणच डॉक्टर व्हायचे त्यांनी ठरवले. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासाच्या खर्चाची सोय केली.

१८८३ च्या एप्रिलमध्ये त्या मुंबईहून बोटीत बसल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाच्या एक मैत्रीण होत्या. काळ किती जुना होता हे ध्यानात यावे म्हणून एक गोष्ट सांगते. आपल्याच कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात जन्मलेले शाहू महाराज तेव्हा नऊ वर्षांचेही झाले नव्हते आणि कोल्हापूरच्या गादीवर दत्तकही गेले नव्हते. अशा काळात एक विधवा बाई लहान मुलीला घेऊन समुद्र ओलांडत होती.

त्या उतरल्या वाँटेज नावाच्या लहानशा गावी. हे गाव लंडनच्या पश्चिमेला आहे. तेथे सेंट मेरीच्या सिस्टरांचा मठ होता. याच मठाच्या सिस्टर पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काम करीत असत, त्यामुळे ओळख झाली होती. मठाशी ठरलेला व्यवहार मला फार आवडतो. रमाबाईंना तेथे राहायला-जेवायला मिळायचे आणि इंग्रजी शिकायला मिळायचे. त्याच्या बदल्यात पुण्याला जायच्या तयारीत असलेल्या सिस्टरांना त्यांनी मराठी शिकवायची. पगार नव्हता आणि उपकारही नव्हते. आपल्याजवळ जे होते ते त्यांनी दिले आणि नव्हते ते घेतले.

मराठी शिकवणे म्हणजे काय, ते आपल्याला कळण्यासारखे आहे. ‘ळ’ आणि ‘ण’ इंग्रज जिभेवर सहज येत नाहीत. ‘तू’ कोणाला म्हणायचे, ‘तुम्ही’ कोणाला आणि ‘आपण’ केव्हा, हेही सांगावे लागते. इंग्रजीत काकूही आंट, मामीही आंट आणि आत्याही आंटच. आपल्याकडे मात्र नात्यानात्याला वेगळा शब्द आहे आणि त्या शब्दाबरोबर वेगळा मान आहे. भाषा शिकवणारी बाई नकळत आपले घरच शिकवीत असते.

डॉक्टर व्हायचे मात्र राहून गेले. रमाबाईंना ऐकू कमी येत असे. त्यामुळे वैद्यकीचे शिक्षण झेपणार नाही असे ठरले. जिच्यासाठी समुद्र ओलांडला ती आशा पहिल्याच वर्षी सोडावी लागली. त्याच वर्षी बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेजला अतिशय शोचनीय अंत झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लहान मनोरमेसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही बातमी आली तेव्हा महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. ज्यांनी पदव्या आणि मानपत्रे दिली होती त्यांतले पुष्कळ लोक पाठ फिरवून बसले.

आता कोणाला वाटेल की, धर्मच बदलला, तेव्हा बाई पुरती विलायती झाली असेल. तसे झाले नाही. त्यांनी साडी सोडली नाही. मांस-मच्छी तर त्या खात नसतच, पण अंडे घातलेले गोड पुडिंगसुद्धा त्यांनी नाकारले. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी पत्राने उत्तर दिले. त्याचा मथितार्थ असा की, मी हिंदू आहे आणि स्वतःला हिंदू म्हणवून घेणे मला आवडते, ज्या चालीरीतींनी कोणाचे नुकसान होत नाही त्या मी का सोडाव्या? उलट त्यांनीच विचारले की, एखादी इंग्रज बाई आमच्या देशात राहिली आणि तिने आपले खाणे-पिणे बदलले नाही, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले तुम्हाला चालेल काय?

मी सातवी शिकलेली बाई. ग्रीक-लॅटिनमधले मला काही कळत नाही, पण ताटावरचा हा वाद मला पुरता कळतो. ताटात काय वाढायचे हे दुसऱ्याने ठरवले की माणूस त्या घरात परका होतो, मग त्याला कितीही प्रेमाने वागवा. त्या काळी खाण्यापिण्याला किती वजन होते पाहा. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींना चहा-बिस्किटे दिली गेली. त्यावरून एवढे वादळ उठले की, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. येथे एका कपाने माणूस बाटत होता आणि तेथे एक पुडिंग नाकारले म्हणून माणूस गर्विष्ठ ठरत होता. रमाबाईंना दोन्हीकडचे ऐकून घ्यावे लागले.

दुसरा वाद गळ्यातल्या क्रुसावरून झाला. त्यावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी संस्कृत अक्षरांचा आग्रह धरला. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही कळणार नाही, ब्राह्मणांना जसे संस्कृतचे तसे तुम्हाला लॅटिनचे वाटते की काय, असे त्यांनी विचारले. ज्या भाषेचा अर्थ कळत नाही तिच्यापुढे मान तुकवायची नाही, हा धडा त्या इकडूनच शिकून गेल्या होत्या.

१८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तेथे डोरोथिया बील या मुख्याध्यापिका होत्या. त्या १८५८ पासून, म्हणजे रमाबाईंच्या जन्माच्या वर्षापासून, ते कॉलेज चालवीत होत्या. रमाबाई तेथे गणित, सृष्टिशास्त्र आणि इंग्रजी शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. एकाच इमारतीत एका वर्गात विद्यार्थिनी आणि दुसऱ्या वर्गात बाई! पुढे त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असा विचार निघाला. तेव्हा मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आडवे आले. बाईने पुरुषांना शिकवले असे हिंदुस्थानात कळले तर तिकडच्या बायकांत तिचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचे नवल वाटले. माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी किंवा पतीनेही कधी हरकत घेतली नाही, मग सुधारलेल्या इंग्रजांनी का घ्यावी, असा त्यांचा प्रश्न होता. इकडच्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, आता तसलेच दुसरे घेणार नाही, असेही त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना कळवले. मिस बील यांनी त्यांची बाजू समजून घेतली, हेही येथे सांगितले पाहिजे. विलायतेत मन जाणणारी माणसेही होती.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाला आपल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च रोजी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. जे आपल्याला साधले नाही ते दुसरीला साधलेले त्यांनी डोळे भरून पाहिले असेल. अमेरिकेत त्यांनी फ्रोबेल यांची बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली, मुलींसाठी मराठी क्रमिक पुस्तके लिहिली, गावोगाव व्याख्याने दिली आणि विधवांच्या शाळेसाठी मदत जमवली. १८८७ साली इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले आणि ते आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केले.

सहा वर्षांनी, १८८९ च्या फेब्रुवारीत, त्या मुंबईला परत आल्या आणि ११ मार्च रोजी शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. याच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. आता माझ्या मुद्द्यावर येते. चालवणारी बाई ख्रिस्ती असूनही शारदा सदनात मुलींना आपापल्या आचाराने राहायची आणि जेवायची मोकळीक होती. वाँटेजला जे त्यांना झगडून मिळवावे लागले, ते त्यांनी आपल्या मुलींना न मागता दिले. माझ्या मते रमाबाईंनी विलायतेहून आणलेल्या शिदोरीत ही गोष्ट बालशिक्षणाच्या पद्धतीइतकीच मोलाची होती.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. १८९३ साली मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो असा आरोप झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि काही पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार लावत नाही, यायचे ती येते. उघड्या दाराने कोणावर किती ओढ पडते, यावर दोन मते होऊ शकतात आणि आजही आहेत. पुढे दुष्काळातल्या शेकडो अनाथ मुलींना त्यांनी केडगावला आणून जगवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या तेथेच निवर्तल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या मुली-सुना आज पुण्या-मुंबईला आणि परदेशातही जातात. तशीच आपल्या बावड्यात परप्रांतातून कुटुंबे पोटासाठी येऊन राहतात. त्यांच्या बायका आपल्याकडूनच मराठी शिकतात. नळावर, दुकानात, शाळेच्या फाटकाशी आपण त्यांच्या बिनपगारी शिक्षिका असतो. त्यांना शब्द चुकला म्हणून हसू नये आणि मंडळाच्या जेवणाला बोलावले तर आधी ‘तुम्हाला काय चालते?’ असे विचारावे. त्यांच्याकडून चार शब्द आपणही शिकावे, म्हणजे वाँटेजसारखा देण्याघेण्याचा व्यवहार बरोबरीचा होईल.

मंडळाच्या वर्धापनदिनी एवढीच विनंती करून लेखणी खाली ठेवते.