मोगली एरंडाचे विमान
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या गावी शेताच्या बांधाला मोगली एरंडाचे कुंपण असे. त्याची कोवळी काडी मोडली की चिकट चीक येतो. त्यात फुंकर मारून आम्ही मुले फुगे सोडायचो. बी मात्र तोंडात घालायची नाही, अशी घरून सक्त ताकीद होती. बी विषारी. जनावरेही या झाडाला तोंड लावीत नाहीत, म्हणून तर ते बांधावर लावायचे. या कुंपणाच्या तेलावर पुढे विमान उडेल असे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते.

पण ते उडाले. २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचे एक विमान डेहराडूनहून दिल्लीला आले. त्याच्या इंधनात पाव हिस्सा जैवइंधन होते. बिया पुरवल्या होत्या छत्तीसगढमधल्या सुमारे ५०० शेतकरी कुटुंबांनी आणि इंधन तयार केले होते डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने. नुसते तेल विमानात ओतून चालत नाही. हायड्रोजनच्या साहाय्याने त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो, मग त्याचे लांबलचक रेणू तोडावे आणि वळवावे लागतात. कारण विमानाचे इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये. पुढे ३१ जानेवारी २०२० रोजी हवाई दलाचे एएन-३२ विमान याच देशी इंधनाचे दहा टक्के मिश्रण घेऊन लेहच्या धावपट्टीवरून उडाले. लेहची थंडी आणि विरळ हवा ध्यानात घेतली, तर ही परीक्षा साधी नव्हती.

म्हणजे विद्या आपल्याकडे होती. मग बिया कुठे गेल्या?

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर मार्गावर पाच टक्के जैवडिझेल घालून रेल्वेगाडी चालवून पाहिली गेली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने हिशेब मांडला, की डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रण करायचे तर सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरवर मोगली एरंड लावावा लागेल. पडीक जमीन पुष्कळ, झाडाला पाणी लागत नाही, निगा लागत नाही, असे सगळे म्हणत होते. राष्ट्रपती डॉ. कलाम आपल्या भाषणांतून या झाडाचा पुरस्कार करीत.

माझ्या मामांनीही दोन एकर माळावर रोपे लावली. बी आम्हीच विकत घेऊ, असे एका कंपनीच्या माणसाने तोंडी सांगितले होते. झाडे जगली, हे खरे. पण कमी पाण्यात जगणे वेगळे आणि कमी पाण्यात भरघोस बी देणे वेगळे. शिवाय फळे एकदम पिकत नाहीत; आज चार, आठ दिवसांनी सहा. तोडणीची मजुरी बियांच्या किमतीहून जास्त झाली. पेंड विषारी, म्हणून गुरांना घालता येईना. तो माणूस पुन्हा दिसला नाही. चौथ्या वर्षी मामांनी झाडे उपटली. "भाचेबुवा," मला म्हणाले, "हे कुंपणाचंच झाड. त्याला शेतात आणलं ही माझी चूक." मामांची चूक एवढी मोठी होती, असे मला वाटत नाही. १ कोटी १२ लाख हेक्टरांच्या हिशेबात तोडणीच्या मजुरीचा विचार किती झाला होता, हे कोणीतरी विचारायला हवे होते.

महाराष्ट्राची वाट वेगळी होती, ती उसाच्या मळीतून. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले. त्याच इथेनॉलमधले पाणी काढून, रेणू जोडत जोडत विमानाचे इंधन करता येते. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात प्राज इंडस्ट्रीजने मळीपासून बनवलेले असे इंधन अल्प प्रमाणात होते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत या बातमीने आनंद झाला. त्याच वर्षी पावसाने ओढ दिली, आणि डिसेंबरात केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. पुढे ती काही प्रमाणात सैल केली. साखर आधी, इंधन मागून. उसाला किती पाणी लागते, हे मराठवाड्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

आता आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के असे इंधन मिसळायचे उद्दिष्ट आहे. इंडियन ऑइलच्या पानिपत शुद्धीकरण कारखान्याला २०२५ मध्ये वापरलेल्या खाद्यतेलापासून विमान-इंधन करण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. वर्षाला ३५ हजार टनांची योजना आहे. देशात विमानांना सुमारे ९० लाख टन इंधन लागते.

तळणाचे तेल म्हणजे शेत नको, पाणी नको, तोडणी नको. मला ही कल्पना फार आवडली. परवा कोपऱ्यावरच्या वडेवाल्याला सहज विचारले, कढईत उरलेले तेल कुठे जाते हो?

"जातंय कुठं, काका?" झारा आपटत तो म्हणाला. "उद्याच्या तेलात."