युनिव्हर्सिटीकडून आरोपाचे पत्र आले तर



सेमिस्टर संपत आले की एखाद्या तरी सभासदाचा मंडळाला काळजीने फोन येतो. मुलाला कॉलेजकडून ई-मेल आलेली असते, कॉपीचा किंवा दुसऱ्याचा मजकूर वापरल्याचा आरोप असतो, आणि आई-बाबांनी डीनच्या ऑफिसला फोन केला तर तिथे कोणी बोलायलाच तयार नसते. फी आपण भरायची आणि उत्तर आपल्यालाच नाही! राग येणे साहजिक आहे, पण ऑफिसचे चुकत नाही. 1974 च्या फर्पा कायद्यानुसार मूल कॉलेजात गेले की त्याच्या रेकॉर्डवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. त्याने लेखी संमती दिली तर युनिव्हर्सिटी आपल्याशी बोलू शकते. टॅक्स रिटर्नमध्ये तो डिपेंडंट असेल तर संमतीशिवायही बोलू शकते, पण तशी सक्ती नाही. म्हणून पत्राला उत्तर मुलानेच, आणि मुदतीत द्यायचे. गप्प बसले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या गैरहजेरीत निकाल लागतो.

सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर राज्यघटनेचे संरक्षण मिळते. 1960 साली अलाबामातील माँटगोमेरी येथे, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या लंच काउंटरवर बसलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यांच्या सरकारी कॉलेजने सुनावणीशिवाय काढून टाकले. 1961 च्या डिक्सन खटल्यात फेडरल अपील कोर्टाने सांगितले की काढण्याआधी आरोप कळवला पाहिजे आणि बाजू मांडू दिली पाहिजे. खाजगी युनिव्हर्सिटीला हे बंधन नाही; तिथे स्टुडंट हँडबुकमध्ये जे लिहिले आहे तेच मुख्य हत्यार. ते आधी शेवटपर्यंत वाचा.

पहिल्या भेटीतच "चूक मान्य" म्हणून सही करण्याची घाई मुले करतात, आणि आम्हाला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. कारण मान्य केल्यावर हिअरिंग होत नाही आणि अपीलही बहुधा फक्त शिक्षेपुरते उरते. सही करण्याआधी पुरावा पाहायला मागावा. इथे कोर्टासारखा "संशयातीत" पुरावा लागत नाही; आरोप खरा असण्याची शक्यता जास्त वाटली तरी बहुतेक ठिकाणी पुरते. त्यामुळे जुने ड्राफ्ट, फाइलची व्हर्जन हिस्टरी, नोट्स, ई-मेल काही डिलीट करू नये. चॅटबॉट वापरल्याचा आरोप असेल तर हेच कामाला येते. मित्राला होमवर्क दाखवणे ही आपल्याकडे दोस्ती. इथे मात्र देणाराही दोषी धरला जाऊ शकतो.

सोबत सल्लागार नेता येतो, पण बऱ्याच ठिकाणी त्याने गप्प बसायचे असते. नॉर्थ कॅरोलिनात 2013 च्या कायद्याने सरकारी युनिव्हर्सिटीत वकिलाला बोलण्याचाही हक्क दिला आहे, मात्र कॉपीसारखी अभ्यासातली प्रकरणे त्यातून वगळली आहेत. प्रकरण पोलिसांपर्यंत जाण्यासारखे असेल तर युनिव्हर्सिटीत तोंड उघडण्याआधीच वकील गाठा; तिथे दिलेला जबाब पुढे कोर्टात येऊ शकतो.

भारतातून एफ-1 व्हिसावर आलेल्या भाच्या-पुतण्यांचे दुखणे वेगळे. सस्पेन्शन झाले की स्टेटस जाते, आणि पदवीनंतर मिळणारे 60 दिवस मिळत नाहीत. इंटरनॅशनल ऑफिसच्या परवानगीने स्वतःहून कोर्स सोडला तर देश सोडायला 15 दिवस मिळतात. म्हणून डीनला उत्तर देण्याआधी त्या ऑफिसची पायरी चढावी.