गाव वेगळे, कट्टा एक

याहूच्या पत्त्यावरून जीमेलच्या पत्त्यावर पत्र पाठवताना आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण या दोन वेगळ्या मालकांच्या पेढ्या आहेत. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ते वेटोळे चिन्ह ठेवले, आणि 'अमक्या ठिकाणचा तमका' असा पत्ता तयार झाला. सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

पत्राचे जमले, मग गप्पांचे का नाही? १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना हेच सुचले, आणि पुढच्या वर्षी 'यूजनेट' सुरू झाले. रात्री फोनचे दर उतरले की एक संगणक दुसऱ्याला फोन करून नवे संदेश घ्यायचा. मूळ वही कुणा एकाकडे नव्हती, प्रत्येकाकडे प्रत होती. पुढे त्यात मराठी मंडळींचाही गट झाला.

मग आले एकाच मालकाचे वाडे. ऑर्कुट २००४ मध्ये आले. किती कम्युनिट्या होत्या तिथे, शाळांच्या, गावांच्या, गाण्यांच्या! ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ते बंद केले आणि सगळे कट्टे एकदम उठले. भांडण नाही, तंटा नाही. मालकाने वाडा बंद केला एवढेच.

म्हणून जुनी कल्पना पुन्हा वर आली. २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगन रोखको या तरुणाने 'मॅस्टोडॉन' सुरू केले. जानेवारी २०१८ मध्ये 'ॲक्टिव्हिटीपब' हा सर्व्हरांनी आपसात बोलण्याचा नियम प्रमाण ठरला. याच नियमावर चालणाऱ्या 'लेमी'मध्ये कम्युनिट्या असतात. जून २०२३ मध्ये रेडिटच्या नव्या शुल्कांवर चिडून बरेच लोक तिकडे गेले.

तिथे सामील होण्याची रीत मोठी मजेशीर आहे. तुमचे खाते एका सर्व्हरवर, कम्युनिटी दुसऱ्यावर. शोधाच्या चौकटीत कम्युनिटीचे नाव आणि तिच्या सर्व्हरचे नाव लिहायचे. तुमच्या सर्व्हरवरून आजवर कुणीच ती मागितली नसेल, तर आधी तिथे काहीच दिसत नाही. गावच्या वाचनालयात एखादे मासिक पहिल्यांदा मागवावे तसे हे. पुढचे अंक सगळ्यांना मिळतात, मागचे मात्र फारसे येत नाहीत.

मग सगळे आलबेल का? तसे नाही. त्याच जून महिन्यात 'बीहॉ' या सर्व्हरने दोन मोठ्या सर्व्हरांशी संबंध तोडले. तिथे कुणालाही खाते मिळत होते, आणि येणाऱ्या गर्दीवर लक्ष ठेवायला बीहॉकडे माणसे अपुरी होती. निर्णय चालकांचा, पण बोलणे तुटले साध्या सभासदांचे. १७ डिसेंबर २०२४ रोजी मोझिलाने आपला मॅस्टोडॉन सर्व्हर बंद केला. आणि लेमीवर कम्युनिटीचा मूळ सर्व्हरच गेला, तर इतरांकडे जुन्या प्रती उरतात, पण नवे बोलणे एकमेकांपर्यंत पोचत नाही.

तरीही मला हीच रीत बरी वाटते. एक दार बंद झाले तरी सगळे गाव उठत नाही. फक्त कट्ट्यावर बसण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: आपले खाते कुणाच्या घरी आहे, आणि कट्टा कुणाच्या अंगणात आहे. घर चालवायला कुणीतरी पदरचे पैसे आणि वेळ घालत असते. जमेल तेव्हा त्याला हातभारही लावावा.

असो. ऑर्कुटवर भेटलेले तुमचे किती मित्र अजून संपर्कात आहेत, जरा मोजून पाहा.